रेनी हार्लिनसारखा हिट अ‍ॅक्शन दिग्दर्शक एका पिक्चरने कसा काय संपतो? या लाइनीत करिअर करावं का?

संपला कुठे? २०२४मध्येही त्याचा ‘द स्ट्रेंजर्स : चॅप्टर १’ आलाच की. पण तुमचा रोख १९९५च्या ‘कटथ्रोट आयलंड’वर आहे, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. जवळपास दहा कोटी डॉलर घातले, अमेरिकेत एक कोटीच्या आसपास आले. खापर कुणावर? दिग्दर्शकावर. त्याचाच ‘क्लिफहँगर’ १९९३मध्ये तुफान चालला तेव्हा मात्र कौतुक हिरोचं, स्टॅलोनचं. ‘कटथ्रोट आयलंड’चा ठरलेला हिरो मायकल डग्लस शूटिंगआधीच पिक्चर सोडून गेला होता, हे कुणी धरतच नाही.

आपल्याकडेही तेच. नव्वदच्या दशकात मी एका अ‍ॅक्शन दिग्दर्शकाकडे असिस्टंट होतो, नाव घेत नाही. सरांचे आधीचे पिक्चर चाललेले. या वेळी निर्मात्याचा फायनान्स अडकला होता आणि क्लायमॅक्सला हिरोची डेट फक्त दुपारपर्यंत. फिल्मसिटीत तो क्लोजअप देऊन निघून गेला, बाकी सगळं डुप्लिकेटवर. दुसऱ्या मजल्यावरून उडी होती. तेव्हा खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचून वर गाद्या टाकायचे. खोकं चेपतं म्हणून पडणारा वाचतो, पण एकदा चेपलं की ते रद्दीच. पहिल्याच टेकला डुप्लिकेटचा विग हवेत सरकून कानावर आला. सर म्हणाले, वन मोर. प्रॉडक्शनवाला म्हणाला, नवीन खोकी मिळणार नाहीत, आहेत तीच ठोकून सरळ करा. डुप्लिकेट फायटर बिचारा तयारही झाला होता. सरांनी त्याला खाली उतरवलं आणि पॅक-अप सांगितलं.

विगवाला टेक तसाच पिक्चरमध्ये गेला. दादरला पहिल्या दिवशी त्या शॉटला पब्लिक खदाखदा हसलं. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युटरांच्या अड्ड्यावर, सोमवारपर्यंत ठरून गेलं की याला अ‍ॅक्शन जमत नाही. आमचे भावोजी तिथेच एकाकडे हिशेब लिहायचे. दर गणपतीत मोदक खाता खाता मला ऐकवतात, “पिक्चर पडला म्हणजे डायरेक्टर पडला, एवढं सोपं आहे.” सर पुढे मालिका करत राहिले.

करिअरचं म्हणाल तर करा. पण कॅमेऱ्यामागे उभं राहण्याआधी काही महिने प्रॉडक्शनच्या टेबलावर बसा. खोकी, केबल, अ‍ॅम्ब्युलन्स, फायटरांचं पेमेंट कुणाच्या सहीने सुटतं ते बघा. ती सही ज्याची, पिक्चर त्याचा.

हार्लिन काही संत नाही, तेही सांगतो. १९९९ला शार्कवाला ‘डीप ब्लू सी’ चालवून दाखवला खरा, पण २००१चा रेसिंगवाला ‘ड्रिव्हन’ त्याने स्वतःच्या हाताने घालवला. तिथे निर्मात्याला दोष देता येत नाही. नंतर चीनमध्ये जाऊन जॅकी चॅनबरोबर ‘स्किपट्रेस’ केला, तोही काही ग्रेट नव्हता. पण काम मिळवत राहिला.

आणि भावोजी, तुम्ही हे वाचणारच. ‘कटथ्रोट आयलंड’ने तो बनवणारी कॅरोल्को कंपनी बुडवली म्हणता ना? कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज नोव्हेंबर १९९५मध्ये केला. पिक्चर लागला २२ डिसेंबरला. हिशेब तुम्हीच लिहिता, तारखा लावून बघा.