परप्रांतीय कामगाराला ऑपरेशनआधी ‘पांढरी कावीळ’ निघाली, आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या कारखान्यातला बिहारचा मुलगा पाय मोडून नाशिकच्या दवाखान्यात दाखल आहे, ऑपरेशनआधीच्या तपासणीत ‘पांढरी कावीळ’ निघाली, खोलीतले सहा जण घाबरलेत आणि ठेकेदार त्याला गावी धाडायचं म्हणतोय.

आत्ता तरी धाडू नका. आधी रिपोर्ट मागून घ्या आणि त्यावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे की अँटी-एचसीव्ही, ते वाचा. पहिलं म्हणजे हिपॅटायटिस बी, दुसरं सी; दोन्ही विषाणूंमुळे लिव्हरला होणारे आजार. डोळे पिवळे नसले तरी लोक दोन्हींना पांढरी कावीळ म्हणून मोकळे होतात. उपचार मात्र वेगळे आहेत. चाचणी कार्डवर केली असेल आणि रेघ फिकट असेल तर एलायझाने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने, खात्री करून घ्या. एवढ्यासाठी ऑपरेशन अडायचं कारण नाही, कारण प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य धरूनच काम करायचं असतं.

सी असेल तर गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. अँटी-एचसीव्ही एवढंच सांगते की विषाणू कधीतरी अंगात शिरला होता. काहींच्या अंगातून तो आपोआप जातो. आता आहे का, हे एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तातला खुद्द सीचा विषाणू, तपासूनच कळतं. सापडला आणि सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) नसेल, तर सहसा सोफोसबुवीर ४०० मिग्रॅ आणि डाक्लाटासवीर ६० मिग्रॅ रोज एकदा, १२ आठवडे. म्हणजे ८४ दिवस. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये (सरकारी जिल्हा रुग्णालयात) चौकशी करा. टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, रिफाम्पिसिनमुळे सोफोसबुवीरचा असर कमी होतो.

घोळ होतो तो सुट्टीत. औषध महिन्या-महिन्याचं मिळतं, पोरगा छठला गावी जातो, तिकडे गोळ्या संपतात आणि केंद्र कुठे ते ठाऊक नसतं. म्हणून गोळी सुरू करतानाच ८४ दिवस कॅलेंडरवर मोजा. मध्ये सण येत असेल तर जाण्याआधी जास्तीचं औषध किंवा तिकडच्या केंद्राच्या नावाची बदलीची चिठ्ठी मागा. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचा. तो निगेटिव्ह आलेला कागद लॅमिनेट करून ठेवा, कारण बरं झाल्यावरही अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्हच येत राहते आणि पुढच्या दवाखान्यात पुन्हा हाच गोंधळ होतो.

बी असेल तर गोळी सगळ्यांनाच लागत नाही. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी चाचणी), एचबीव्ही डीएनए (रक्तातला बीचा विषाणू किती ते), प्लेटलेट आणि सोनोग्राफी बघून ठरतं. सहा महिन्यांनीही एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर आजार जुनाट धरतात. टेनोफोवीर ३०० मिग्रॅ सुरू झाली, तर ती बहुधा वर्षानुवर्षं घ्यावी लागते, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत. बरं वाटलं म्हणून किंवा ठेकेदार बदलला म्हणून ती मध्येच सोडली, तर विषाणू उसळतो, लिव्हरला जोराची सूज येते. यात लिव्हर निकामीही होऊ शकतं. गोळी नसेल तरी दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. सगळ्या रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायला लावा.

खोलीतल्या सहा जणांचं: एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, एका संडासाने बी-सी पसरत नाही. ब्लेड, वस्तरा, टूथब्रश, नेलकटर मात्र एकत्र नको, कारण वाळलेल्या रक्तातही बीचा विषाणू सात दिवस टिकतो. सगळ्यांचं एचबीएसएजी करा, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या: २० मायक्रोग्रॅम, दंडात, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. तिसरा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, जिथे असतील तिथे घ्यावा. लहानपणी लस झालीच असेल असं धरू नका. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ मध्ये. सीला लस नाही.

पावसाळ्यात एकाच चाळीतले चार-पाच जण एकदम पिवळे झाले, तर ते प्रकरण वेगळं: बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई, आणि दोष पाण्याच्या टाकीचा.

मुलगा विवाहित असेल तर गावी असलेल्या बायकोचीही तपासणी हवी, आणि तोवर कंडोम. ती गरोदर असून तिला बी निघाली, तर प्रसूती दवाखान्यातच व्हावी, कारण बाळाला २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. घरी बाळंत झाल्यावर ही वेळ हमखास हुकते.