वास्तव की कल्पना : पहिला लेआउट मांडताना

मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट, म्हणजे छोट्या रुळांची आणि देखाव्याची मांडणी, करताना खऱ्या रेल्वेची हुबेहूब प्रतिकृती करावी की मनातली रेल्वे उभारावी, हे आजच ठरवण्याची घाई करू नका. एचओ या मॉडेलच्या प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, प्रत्यक्षातला एक किलोमीटर सुमारे साडेअकरा मीटर होतो. त्यामुळे काटेकोर प्रतिकृती करणाऱ्यालाही अंतरे आखडावीच लागतात, आणि काय ठेवावे, काय गाळावे या निवडीतच त्याची कल्पकता दिसते. अमेरिकी मॉडेल रेल्वेकार जॉन ॲलन यांची ‘गोरी अँड डिफीटेड’ रेल्वे पूर्णपणे काल्पनिक होती, तरी धूळ, गंज आणि झीज त्यांनी इतकी मनापासून रंगवली की ती खरी वाटे.

सुरुवातीला एक काळ आणि एक प्रदेश मात्र नक्की करा, कारण वाफेच्या इंजिनाशेजारी आजची मोटार उभी राहिली की सगळा भास मोडतो. नवशिक्यांच्या चुका बहुधा तीन असतात :

- फळीवर रुळांची गर्दी करणे;
- लांब डब्यांसाठी फार आवळ वळणे घेणे;
- रूळ तपासण्याआधीच डोंगर उभारणे.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा; ते अडले, तर चाकही तिथेच अडेल. इमारती, झाडे, माणसे हवी तशी कल्पा, पण रूळ बिनचूक टाका.