रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी अंगठ्याचा आधार निवडताना

प्रश्न : गेल्या वर्षी मी वापरलेला लायका एम (टाइप २४०) हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घेतला. जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी तासभर ५० मिमी लेन्सने छायाचित्रे घेतली की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. मामांचा जुना लायका एम६ हा फिल्म कॅमेरा मात्र कितीही वेळ हातात ठेवला तरी त्रास होत नाही. थंब ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवायचा अंगठ्याचा आधार, घ्यावी असे अनेकांनी सुचवले. परंतु किमतींत फार तफावत आहे आणि आकारही नाना प्रकारचे आहेत. निवड कशी करावी?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मामांच्या कॅमेऱ्यातच आहे. १९५४ च्या एम३ पासून लायकाच्या बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांवर फिल्म पुढे सरकवण्याची लिव्हर असते. ती किंचित बाहेर ओढून ठेवली की तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधल्या खाचेत अंगठा सहज अडकतो, आणि कॅमेरा चिमटीत धरावा न लागता तळहातावर विसावतो. २००६ मध्ये डिजिटल एम८ आला तेव्हा लिव्हरची गरजच उरली नाही आणि अंगठ्याचा हा आधारही गेला. आपल्या कॅमेऱ्याच्या पाठीवर लहानसा उंचवटा आहे खरा, पण तो बऱ्याच हातांना पुरत नाही. शिवाय हा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ६८० ग्रॅम भरतो, एम६ पेक्षा तो जाडही आहे, आणि लेन्सचे वजन वेगळेच. हा सगळा भार अंगठा आणि बोटे एकमेकांवर दाबून पेलावा लागत असल्याने अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो.

म्हणून थंब ग्रिपची निवड धातू, रंग किंवा किंमत यांवरून न करता आपला अंगठा नेमका कुठे टेकतो यावरून करावी. लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लावा, तर्जनी शटर बटणावर ठेवा आणि अंगठा आपोआप जिथे जाईल तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. छातीशी कॅमेरा धरून हे मोजू नये, कारण तेव्हा मनगटाचा कोन वेगळा असतो. मग हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश बसवण्याच्या खाचेच्या; थंब ग्रिपही यातच बसते) उजव्या कडेपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. ग्रिपची वळलेली टोकदार बाजू या खुणेच्या जरा आत आली तर अंगठा आखडतो. बाहेर गेली तर तर्जनी बटणापासून ओढली जाते. माझ्या मते पहिला दोष अधिक त्रासदायक, कारण आखडलेला अंगठा पुन्हा जोर लावू लागतो आणि आपले दुखणे तसेच राहते.

आपण कोणत्या डोळ्याने पाहता हेही महत्त्वाचे आहे. रेंजफाइंडरचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे पाहण्याची खिडकी, डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या बाजूला राहतो. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा चेहरा मात्र थेट पाठीमागे येतो आणि फार बाहेर आलेली ग्रिप गालाला किंवा चष्म्याला लागते. अशा वेळी आखूड आणि चपटी ग्रिप बरी.

बसवण्याबाबत घाई करू नये. ग्रिप आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी. लायकाच्याच एम१० साठीची ग्रिप आपल्या टाइप २४० वर बसेलच असे नाही, कारण एम१० बारीक आहे. ती हॉट शूमध्ये हलता कामा नये, पण ठोकूनही बसवू नये, कारण जोर शेवटी शूच्या बारीक स्क्रूंवर येतो. त्याच कारणाने संपूर्ण कॅमेरा केवळ ग्रिपला धरून उचलू नये. बसवल्यावर शटरगतीची डायल एका बोटाने फिरते का, मागचे चक्र अंगठ्याला सापडते का, हे पाहावे. ग्रिपच्या आतील बाजूस रबराचा किंवा चामड्याचा थर असावा, नाहीतर रंगावर ओरखडे उमटतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात हा चिकटवलेला थर सुटू शकतो, म्हणून घरी आल्यावर ग्रिप काढून पुसून ठेवावी. पावसाळ्यात तर हे रोजच करावे.

ग्रिपने हॉट शू अडतो. फ्लॅश, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर किंवा २१ मिमी लेन्ससाठीचा स्वतंत्र व्ह्यूफाइंडर वापरायचा असेल, तर ती दर वेळी काढावी लागेल. हे नकोसे वाटत असल्यास तळाच्या पत्र्याच्या जागी बसणाऱ्या हँडग्रिपचा विचार करावा. तिने बोटांना पुढून धरायला जागा मिळते आणि हॉट शू मोकळा राहतो, पण कॅमेरा आणखी जड होतो. केवळ अंगठ्याच्या दुखण्यासाठी मी तरी तिला दुसरी पसंती देईन.

खरेदीपूर्वी एक गोष्ट विनाखर्च करून पाहावी : लेन्सखाली डावा तळहात धरून अर्धा भार त्यावर द्यावा. बऱ्याच जणांचा उजवा हात निव्वळ सवयीने सगळे ओझे पेलत असतो. याउपर कॅमेरा हातात नसतानाही अंगठा दुखत असेल, तर ग्रिपआधी डॉक्टरांना दाखवावे. ग्रिप घ्यायचीच असल्यास फोर्टमधील बोरा बाजार परिसरातील दुकानांत स्वतःचा कॅमेरा आणि नेहमीची लेन्स घेऊन जावे, आणि ग्रिप लावून निदान दहा मिनिटे कॅमेरा डोळ्याला लावत-काढत राहावे.