लुमाटोनवर (षटकोनी पट्ट्यांच्या कीबोर्डवर) सप्तकाचे 31 समान भाग कसे बसवायचे?

उजवीकडची पट्टी +5 (म्हणजे 5 भाग वर), तिरपी उजवीकडे खाली +3, तिरपी वर +2. (3 आणि 2 मिळून 5 व्हायलाच हवेत.) पडताळा: पाचदा उजवीकडे, दोनदा तिरपं खाली, 25+6=31, आला वरचा सा. एक पायरी (भाग) 38.7 सेंटची; सप्तकाचे 1200 सेंट. सा पासून दोन पट्ट्या उजवीकडे शुद्ध ग, 387 सेंट, जवळजवळ स्वयंभू (तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा) गंधार. पंचम मात्र 5 सेंट उतरतो, तंबोऱ्याबरोबर खटकतोच.

24 भागांना हाच हिशेब (उजवीकडे पूर्ण स्वरांतर, तिरपं खाली अर्धं) लावू नका. तिथे +4, +2 येतात, दोन्ही सम, म्हणून निम्मे स्वर कुठल्याच पट्टीवर सापडत नाहीत. खालची तिरपी +1, वरची +3 ठेवा.

भलतेच स्वर वाजले तर मिडी (वाद्यांची एकमेकांना स्वर कळवायची डिजिटल भाषा) चॅनल बघा: 280 पट्ट्या एका चॅनलच्या 128 नोट्समध्ये मावत नाहीत.