कोल्हापुरात संगणक जोडून विकणाऱ्याने पुढील यंत्रांसाठी इंटेल निवडावे की एएमडी?

शिरोली एमआयडीसीतील कारखान्यांच्या कार्यालयांना यंत्रे पुरवायची असतील, तर वेगाच्या आकड्यांपेक्षा सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवायची जागा) किती वर्षे चालतो आणि बिघडलेला प्रोसेसर वॉरंटीत किती दिवसांत बदलून मिळतो, हे मी आधी पाहीन. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरपासून ५००० मालिकेपर्यंत टिकला, त्यामुळे अनेक जुन्या मदरबोर्डांवर बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून नवा प्रोसेसर बसवता आला. इंटेलने मात्र २०१५ ते २०२१ दरम्यान एलजीए ११५१, १२०० आणि १७०० असे तीन सॉकेट आणले. टॅलीपुरत्या यंत्राला हा फरक जाणवत नाही (तिथे एसएसडीच अधिक उपयोगी). एएम४ वरील, नावाच्या शेवटी ‘जी’ नसलेल्या बहुतेक रायझनमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून कोटेशनमध्ये वेगळ्या कार्डाचा खर्च धरावा.