वाचक विचारतात : कॅमेरा घेऊन परदेशी जाताना

परदेश दौऱ्यांचा हंगाम जवळ आला की या सदराकडे फोटोंविषयीची पत्रं वाढतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : दिवाळीत युरोपला जाणार आहोत. उंच इमारतीचा फोटो काढला की ती मागे पडतेय असं दिसतं. कॅमेरा फुल फ्रेम, लेन्स २४-७०. नवी लेन्स घ्यावी का? (नेरुळ)

घेऊ नका, आहे ती पुरेशी आहे. इमारत चौकटीत मावत नाही म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो आणि तिथेच घोळ होतो. सेन्सर (कॅमेऱ्यातला, चित्र टिपणारा भाग) भिंतीला समांतर असेल तरच उभ्या रेषा उभ्या राहतात. कॅमेरा वर कलला की माथा पायथ्यापेक्षा लहान उमटतो आणि रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो किती मागे उभं राहायचं याचा. समजा इमारत ३० मीटर, म्हणजे साधारण दहा मजली आहे. कॅमेरा उभा आणि अगदी सरळ धरला, जमिनीपासून दीड मीटरवर, लेन्स २४ मिलिमीटरवर. अशा वेळी क्षितिजाच्या वर दिसणारी उंची ही तुमच्या अंतराच्या पाऊणपट असते. कॅमेऱ्याच्या वरचे साडेअठ्ठावीस मीटर मावायला ३८ मीटर मागे जावं लागतं. खालच्या अर्ध्या चौकटीत नुसता रस्ता येईल, तो नंतर कापा. क्रॉप सेन्सरवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान आहे त्यांनी, हेच गणित १६ मिलिमीटरला लावावं.

जुन्या युरोपीय गल्लीत ३८ मीटर कुठून आणायचे? तिथे उंची मदतीला येते. समोरच्या इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरची खिडकी मिळाली तर चौकटीचे वरचे-खालचे दोन्ही अर्धे कामी येतात आणि २० मीटर पुरतात. पायऱ्या चढण्याचा कंटाळा करू नका, या एका गोष्टीने फोटो सर्वांत जास्त बदलतो. कॅमेरा सरळ ठेवून नुसती वर १२ मिलिमीटर सरकवता येणारी २४ ची टिल्ट-शिफ्ट लेन्स जमिनीवरूनच २३ मीटरमध्ये काम करते, पण ती महाग आणि जड असते. फक्त इमारतींसाठीच जाणार असाल तर भाड्याने घ्या.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. त्यासाठी फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा, कारण दुरुस्तीत कडा कापल्या जातात. माथ्याचा भाग ताणला जातो, म्हणून तिथला बारकावा थोडा मऊ पडतो. रेषा शंभर टक्के सरळ केल्या तर इमारत वर रुंदावल्यासारखी दिसते. किंचित कल राहू द्यावा. फार जवळून, मान मोडेस्तोवर वर बघून काढलेला फोटो मात्र दुरुस्त करायला जाऊच नका. तिथे झुकणाऱ्या रेषाच ठळक ठेवा.

सराव घरापासून सुरू करा. वाशी स्टेशनच्या इमारतीसमोर एकाच जागी उभं राहून कॅमेरा सरळ आणि कललेला, असे दोन फोटो काढून शेजारी ठेवा. दुसरी जागा बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी तिथे सात-सात घरं साधारण ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती बसवली. अंगणाच्या या टोकाहून २४ च्या लेन्सला समोरची १२ मीटर रुंदी दिसते, ५० च्या लेन्सला पावणेसहा. (कॅमेरा आडवा धरून. अंतराला ३६ ने, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या मिलिमीटरमधल्या रुंदीने गुणा, फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने भागा.) घरं बुटकी असल्याने कॅमेरा वर करावा लागत नाही. एवढं लक्षात ठेवा की तिथे माणसं राहतात. दाराकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारा.

प्रश्न : अनोळखी माणसांचे फोटो काढायचा संकोच वाटतो. परदेशात तर भीतीच वाटते. (कळवा)

संकोच असणं चांगलंच आहे, त्यामुळे आपण विचारून काढतो. भाषा येत नसेल तर कॅमेरा थोडा उचलून भुवया वर करा. नकार कळायला शब्द लागत नाहीत. नाही म्हटलं की कॅमेरा खाली, आणि हसून पुढे. दुरून झूम लावून चोरून काढलेल्या फोटोत माणूस हाताशी येत नाही. ३५ मिलिमीटरने दीड मीटरवरून काढा.

जांभळी नाक्याच्या बाजारात शिकून घ्या. सकाळची बोहनी होईपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी पावशेर मिरची घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. काढलेला फोटो स्क्रीनवर दाखवा. शटर १/२५० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ५.६, ऑटो आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) मर्यादा ६४००, फोकस जवळच्या डोळ्यावर. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईंचा चेहरा निळसर येतो आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा दुरुस्त करणारं सेटिंग) फिरवला तर बाहेरचा रस्ता पिवळा पडतो. तिथे सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा ताडपत्रीच्या कडेला बसलेल्या विक्रेत्याकडे वळा. तिथे उघड्या आकाशाचा उजेड गालावर येतो.

कायद्याचंही पाहा. संयुक्त अरब अमिरातीत कुणाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो काढून त्याचं खासगीपण मोडणं हा गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे त्याची संमती लागते. जपानमधल्या क्योटोच्या गिओन या जुन्या वस्तीत खासगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आहे. पाट्यांवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारूनच, आणि त्यासाठी मुलांच्या हातात पैसे देऊ नका. रस्त्यावरच्या वादकाच्या टोपीत मात्र जरूर टाका, ते त्याचे हक्काचे आहेत.

प्रश्न : रात्री बाजारात काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला का? (घणसोली)

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर फार जलद असेल तर सेन्सरचा काही भाग तेज उजेडात वाचला जातो, काही मंद उजेडात. १/५० किंवा १/१०० ठेवा. युरोपात हेच चालेल. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे १/६० किंवा १/१२५. जपानात दोन्ही आहेत : टोकियोत ५०, ओसाकात ६०. एलईडी फलकांची लुकलुक वेगळ्या गतीची असते. तिथे १/३० पर्यंत खाली या. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते बंद करून मेकॅनिकल लावा, पट्टे बरेच कमी होतात.

प्रश्न : आयफेल टॉवरचा रात्रीचा फोटो काढणं बेकायदा असतं म्हणे? (ठाणे पूर्व)

नाही. स्वतःसाठी काढा, समाजमाध्यमांवर टाका, काही अडचण नाही. टॉवरच्या रचनेवर आता कॉपीराइट उरलेला नाही, पण रात्रीच्या प्रकाशयोजनेवर आहे. फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते.

प्रश्न : बॅटऱ्या आणि पॉवर बँक कुठे ठेवायच्या? (पनवेल)

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीला आधी विचारा. वॉट-अवर छापलेले नसतील तर एमएएचला (बॅटरीवर छापलेल्या mAh च्या आकड्याला) ३.७ ने गुणून १००० ने भागा : २०,००० ची पॉवर बँक ७४ भरते. सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, नाण्यांना किंवा किल्ल्यांना लागून शॉर्ट झाली तर ती तापते. कॅमेरा महागडा असेल तर परतताना तो परदेशात घेतलेला समजून शुल्क मागितलं जाऊ नये म्हणून जाताना विमानतळावर सामान देण्याआधी कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर बॉडी व लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर आले आहेत ना, हे तिथेच तपासा.