छातीवरचा पट्टा आणि फुप्फुसांची चाचणी

प्रश्न : आम्ही सांगलीत अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहोत. हळदीच्या गोदामांतील हमालांच्या फुप्फुसचाचणीच्या वेळी छातीची हालचाल टिपणारा सेन्सर तयार करीत आहोत. वीजवाहक रबराची दोरी छातीवर बांधली, तर श्वास रोखून बसले तरी आकडे सरकतात आणि स्पायरोमीटरच्या (फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्राच्या) लिटरशी मेळ बसत नाही. पिझो पट्टी (वाकली किंवा ताणली की विद्युतभार निर्माण करणारी पट्टी) वापरावी काय?
— तीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : आकडे सरकण्याचा दोष बहुधा तुमच्या प्रोग्रॅमचा नसून रबराचा आहे. असे रबर ताणून धरले, तर लांबी तीच राहूनही त्याचा विद्युतरोध हळूहळू बदलत राहतो. पिझो पट्टीने निराळीच अडचण उभी राहील. तिच्यातील विद्युतभार झिरपून जात असल्यामुळे ती हालचाल दाखवते, परंतु छाती फुगलेली राहिली आहे की उतरली, हे तिला सांगता येत नाही. त्यापेक्षा लवचीक कापडी पट्ट्यावर नागमोडी शिवलेली बारीक तार घ्यावी. छाती फुगली की तारेने वेढलेले क्षेत्रफळ वाढते, त्याबरोबर तारेचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) बदलते आणि त्यावर चालणाऱ्या ऑसिलेटरची, म्हणजे विद्युतलहरी निर्माण करणाऱ्या मंडलाची, वारंवारता मायक्रोकंट्रोलरला मोजता येते. झोपेच्या तपासणीत असेच पट्टे बांधतात.

मात्र एका पट्ट्याने भागणार नाही. बरगड्यांचा पिंजरा आणि पोट हे दोन भाग बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे हलतात, हे कोनो आणि मीड या संशोधकांनी १९६७ मध्येच मांडले होते. एक पट्टा काखेखाली आणि दुसरा बेंबीपाशी, शर्टावर नव्हे तर अंगासरशा बनियनवर बांधावा. नाक-तोंड बंद ठेवून पोट आत घेतले की छाती वर येते. त्या वेळी दोन्ही पट्ट्यांच्या आकड्यांना गुणून येणारी बेरीज स्थिर राहील, असे प्रत्येक पट्ट्याचे गुणक ठरवावेत. बसण्याची ढब बदलली की हे गुणक बिघडतात, आणि जोराने फुंकताना माणूस हमखास पुढे वाकतो.

म्हणून लिटर मोजण्याचा हट्ट सोडावा, असे आमचे मत आहे. ते काम तीन लिटरच्या सिरिंजने पडताळलेल्या स्पायरोमीटरचेच. फुंकण्यापूर्वी छाती पूर्ण भरली होती का, एवढे तुमच्या पट्ट्याने खात्रीने सांगितले तरी पुष्कळ झाले, कारण अर्धवट श्वास घेऊन फुंकणाऱ्या धडधाकट हमालाचीही फुप्फुसे आकुंचित असल्याचा संशय अहवालावरून येऊ शकतो. जोराच्या उच्छ्वासात बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते, त्यामुळे सेकंदाला किमान शंभर नोंदी घ्याव्यात. उपकरण बॅटरीवरच चालवावे, नोंदी घेताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा, आणि गोदामात जाण्याआधी नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी घ्यावी.